सैनिकांच्या क्विल्टची प्रतिकृती: नक्कल नेमकी कशाची करायची? (एक प्रकरण अभ्यास)

आमच्या गावच्या पब्लिक लायब्ररीला अमेरिकन सिव्हिल वॉरवर (उत्तर आणि दक्षिण राज्यांतलं यादवी युद्ध) एक छोटं प्रदर्शन करायचं होतं. त्यांनी आमच्या क्विल्टिंग ग्रुपला विचारलं की त्या काळी बायका जखमी सैनिकांसाठी शिवून पाठवायच्या तशी एक क्विल्ट (तुकडे जोडून, मध्ये भरण घालून शिवलेलं पांघरूण, आपल्या गोधडीसारखं) करून द्याल का. मी मॅसॅच्युसेट्समध्ये राहते, ग्रुपमध्ये मराठी मी एकटीच, बाकी बहुतेक जणी साठी-सत्तरीच्या, हात एकदम बसलेला, सगळ्यांनी लगेच हो म्हटलं कारण काम सोपं वाटत होतं, जुनी एक क्विल्ट निवडायची, तिचा पॅटर्न काढायचा, त्या काळासारखं दिसणारं कापड आणायचं आणि शिवायला बसायचं. पण पहिल्याच मीटिंगला चार मतं पडली आणि पुढे जवळजवळ प्रत्येक पायरीवर भांडण झालं (प्रेमाने, पण भांडणच). ही भांडणं मला शिवणापेक्षा जास्त इंटरेस्टिंग वाटली म्हणून सगळं प्रकरण नीट लिहून काढतेय.

आधी थोडी पार्श्वभूमी. १८६१ मध्ये युद्ध सुरू झालं तेव्हा उत्तरेकडच्या, म्हणजे युनियनच्या सैन्याकडे दवाखाने, खाटा, पांघरुणं यातलं काहीच पुरेसं नव्हतं. त्याच वर्षी जूनमध्ये युनायटेड स्टेट्स सॅनिटरी कमिशन उभं राहिलं. सरकारची परवानगी होती पण पैसा आणि माल सगळा लोकांकडून. त्याचा कारभार बघायला नेमला फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड, ज्याने न्यूयॉर्कचं सेंट्रल पार्क आखलं तोच माणूस. गावोगावच्या बायकांच्या मंडळांनी मोजे, शर्ट, बँडेज, लोणची, जॅम आणि क्विल्ट असं सगळं पेटाऱ्यांत भरून पाठवलं. युद्ध संपेपर्यंत युनियन सैनिकांना मिळालेल्या क्विल्ट आणि कम्फर्टचा अभ्यासकांचा अंदाज अडीच लाखांच्या आसपास जातो. कम्फर्ट म्हणजे ज्यात बारीक शिवण नसते, जाड भरण घालून ठिकठिकाणी दोऱ्याच्या गाठी मारलेल्या असतात ते.

आणि त्या अडीच लाखांतल्या आज उरल्यात किती? खात्रीने ओळखता येतील अशा डझन-दीड डझनाच्या आसपास. बाकीच्या वापरून विरल्या, रोगाच्या भीतीने जाळल्या गेल्या, सैनिकांबरोबर मातीत गेल्या.

आमच्या भांडणाचं मूळ इथेच होतं, फक्त सुरुवातीला ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

कुठली क्विल्ट उतरवायची

बहुमत होतं ऑगस्टाच्या क्विल्टला. मेन राज्यातल्या ऑगस्टा गावात सुझॅना पुलन नावाच्या बाईंनी १८६३ मध्ये आपल्या संडे स्कूलच्या (रविवारचा धर्मशिक्षणाचा वर्ग) मुलींबरोबर एक क्विल्ट केली, ताऱ्यांचे ब्लॉक (ज्या चौकोनांनी क्विल्ट बनते ते) आणि पांढऱ्या कापडावर शाईने लिहिलेला भरपूर मजकूर, बायबलची वचनं, कविता, तब्येत कशी सांभाळावी याचे सल्ले, असं बरंच काही. त्यांनी त्यावर हेही लिहून ठेवलं की ही क्विल्ट युद्धातून वाचली तर आमच्याकडे परत पाठवा. आणि ती खरंच परत आली! सैनिकांची पत्रं पण आली. आज ती वॉशिंग्टनला स्मिथसोनियनच्या अमेरिकन हिस्ट्री म्युझियममध्ये आहे. फोटो उपलब्ध, माहिती उपलब्ध, दिसायला सुंदर, गोष्ट त्याहून सुंदर, मग अजून काय पाहिजे.

एकच बाई विरोधात. आयुष्यभर नर्सिंग केलेली, कमी बोलणारी. तिचं म्हणणं असं की ही क्विल्ट वाचली कारण ती वेगळी होती, हिच्यावर पत्ता होता, परत पाठवा असं लिहिलं होतं, वाचायला मजकूर होता, म्हणून कुणीतरी ती जपली. लायब्ररीने तर मागितलीय बायका पाठवायच्या तशी क्विल्ट, आणि बायका पाठवायच्या त्यातल्या बहुतेकींवर एक अक्षरही नसणार. वाचलेल्या बघून गेलेल्यांबद्दल बोलू नका, एवढंच म्हणाली आणि परत विणायला लागली.

मला ते एकदम पटलं. माझ्या आजीकडच्या गोधड्या आठवून बघा ना, रोज अंगावर घेतलेली एक तरी शिल्लक आहे का? आज घरात आहे ती लग्नात दिलेली, ट्रंकेत ठेवलेली, कधी न वापरलेली. ती बघून कुणी म्हटलं की पूर्वीच्या बायका अशा गोधड्या शिवायच्या तर आजी हसली असती.

पण मग नर्सबाईंच्या म्हणण्याप्रमाणे साधी, कोरी, गाठी मारलेली कम्फर्ट केली तर प्रदर्शनात लोक थांबणार नाहीत हेही खरं. लायब्ररीयन बाईंनी ते स्पष्टच सांगितलं. शेवटी तडजोड अशी झाली की एका विशिष्ट क्विल्टची नक्कल करायचीच नाही. पद्धत, माप, कापडाची जात आणि घाई एवढं त्या काळचं घ्यायचं, पॅटर्न साधा नाइन पॅच (एका ब्लॉकमध्ये नऊ चौकोन), आणि लिखाण थोड्याच ब्लॉकवर.

माप आणि पॉटहोल्डर

मापावर वाद होऊच शकत नव्हता कारण कमिशनने १८६१ च्या आवाहनात स्वतःच सांगितलं होतं, स्वस्त कापडाची, सुमारे ७ फूट लांब आणि ५० इंच रुंद. दवाखान्याच्या अरुंद खाटेचं माप. आजकाल रिप्रॉडक्शन म्हणून क्वीन साइझची सिव्हिल वॉर क्विल्ट करतात तिच्यात कापड त्या काळचं दिसतं, पण माप आपल्या बेडरूमचं असतं. आम्ही हे माप धरून बसलो आणि त्यामुळे पुढचे बरेच निर्णय आपोआप झाले.

पद्धत घेतली पॉटहोल्डर. न्यू इंग्लंडमध्ये (अमेरिकेचा ईशान्य कोपरा), खास करून मेनमध्ये, ही जुनी चाल आहे. नेहमीच्या क्विल्टमध्ये आधी सगळे ब्लॉक जोडून मोठा टॉप करतात, मग बॅटिंग (मधलं भरण), खाली अस्तर, मग फ्रेमवर ताणून क्विल्टिंग (तिन्ही थर धरून ठेवणारी शिवण) आणि शेवटी कडेने एकदाच बाइंडिंग, म्हणजे गोट. इथे उलटं आहे. प्रत्येक ब्लॉक स्वतंत्रपणे पूर्ण करायचा, वरचं कापड, बॅटिंग, अस्तर, क्विल्टिंग, चारही बाजूंनी गोट, अगदी गरम भांडं धरायच्या फडक्यासारखा, म्हणूनच ते नाव. आणि मग असे तयार ब्लॉक काठाला काठ लावून हाताने एकमेकांना शिवायचे. याचा फायदा म्हणजे फ्रेम लागत नाही, मोठी खोली लागत नाही, जी ती आपलं आपलं काम घरी नेऊन बसल्या जागी करते. वीस-पंचवीस बायकांना थोड्या दिवसांत एक क्विल्ट उभी करायची तर याच्याइतकं सोयीचं काही नाही.

हिशेब मला फार आवडला म्हणून तो देतेच. साडेचार इंचाचे नऊ चौकोन, पाव इंच शिवण धरून जोडले की साडेबारा इंचाचा ब्लॉक होतो. नेहमीच्या पद्धतीत तो पुढे जोडताना दोन्हीकडून पाव-पाव इंच आत जातो आणि बारा उरतो. पॉटहोल्डरमध्ये कच्च्या काठावरून गोट फिरतो, म्हणून काही आत जात नाही, साडेबाराचा साडेबाराच राहतो. रुंदीला चार ब्लॉक, बरोबर ५० इंच. लांबीला सात, म्हणजे साडेसत्याऐंशी, सात फुटांपेक्षा साडेतीन इंच जास्त, पाय झाकले जातील, चालेल. एकूण २८ ब्लॉक.

तोटाही आहे. अशी क्विल्ट नेहमीच्या पद्धतीने केली असती तर बाहेरून फिरवायला आठ यार्डाच्या आत बाइंडिंग पुरलं असतं. इथे प्रत्येक ब्लॉकला कोपऱ्यांसकट साधारण ५५ इंच, गुणिले २८, म्हणजे जवळपास ४३ यार्ड गोट. सव्वा इंची पट्ट्या कापून कापून टेबलावर ढीग झाला. जुन्या क्विल्ट बघितल्या तर त्या बायकांनी यावर पण शॉर्टकट काढलेले दिसतात, कुणी अस्तरच मोठं कापून पुढे दुमडून शिवून टाकलंय. आमच्यातल्या निम्म्याजणींनी तेच केलं, आणि दोन्ही प्रकार एकाच क्विल्टमध्ये आले तर आले.

शिवणयंत्र वापरायचं की नाही यावर मात्र चांगलंच तापलं. बऱ्याच जणींच्या डोक्यात जुनं म्हणजे हातशिलाईच. पण होवेचं पेटंट १८४६ चं, सिंगरचं १८५१ चं, युद्धाच्या काळात न्यू इंग्लंडच्या कितीतरी घरांत मशीन होतं आणि घाई असताना ते बाजूला ठेवून कोण सुई घेऊन बसेल? त्यामुळे चौकोन जोडायला आणि गोटाची पहिली टीप मारायला मशीन, सरळ टाका, झिगझॅग नाही. क्विल्टिंग हाताने, इंचाला पाच-सहा टाके. बक्षिसाच्या क्विल्टवर दहा-बारा टाके घालणाऱ्या आमच्या दोन उस्ताद बायकांना मुद्दाम मोठे टाके घालायला सांगणं हे या प्रोजेक्टमधलं सगळ्यात अवघड काम होतं, हात ऐकतच नाही म्हणायच्या.

बॅटिंग शुद्ध कॉटनचं घेतलं आणि आत जाळी नसलेलं. हल्लीच्या बहुतेक बॅटिंगमध्ये बारीक जाळी असते, त्यामुळे आठ-आठ इंचांवर शिवण घेतली तरी चालते. जाळी नसेल तर कापूस धुण्यात गोळा होतो, म्हणून दीड-दोन इंचांवर रांगा घ्याव्याच लागतात. म्हणजे जुन्या क्विल्टवरची ती दाट शिवण नुसती हौस नव्हती, ती गरज होती, आणि हे वाचून कळण्यापेक्षा हातात घेतल्यावर पटकन कळतं.

कापड

कापडाच्या दुकानात सिव्हिल वॉर रिप्रॉडक्शन नावाचा वेगळा कोपराच असतो. सगळं तपकिरी, मळकट लाल, राखाडी निळं, यार्डाला बारा-चौदा डॉलर. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, अगं म्हणजे चिंध्यांसारखं दिसणारं नवं कापड विकत आणायचं, ते फाडायचं आणि परत जोडायचं? हो आई, तसंच.

आता हा मळकटपणा खरा आहे का? त्या काळचे रंग बघा. टर्की रेड हा मंजिष्ठेच्या कुळातल्या मुळापासून केलेला लाल, इतका पक्का की आजही भडक दिसतो. क्रोम यलो, क्रोम ऑरेंज, प्रशियन ब्लू, गुलाबीवर गुलाबी छपाई, इंडिगो. हे काही उदास रंग नाहीत. दीडशे वर्षांत उजेडाने आणि धुण्याने मऊ झालेले रंग आपण बघतो आणि तेच मूळ समजतो. तपकिरी कापडाचं तर असं की रंग बसवायला लोखंड वापरलेलं असायचं, ते हळूहळू धागाच खातं, म्हणून जुन्या क्विल्टमध्ये तपकिरी तुकडे आधी झिरझिरीत होतात. आणि काळं? सुती कापडावर टिकणारा पक्का काळा १८९० च्या आसपास नीट जमायला लागला, त्यामुळे काळ्या जमिनीवर फुलं असलेले जे प्रिंट सिव्हिल वॉरच्या नावाने विकतात त्यापासून जरा लांबच राहिलेलं बरं.

ग्रुपमधल्या सगळ्यात ज्येष्ठ आजींना सगळं कापड चहाच्या पाण्यात बुडवून काढायचं होतं. दिसायला छान दिसतं यात वाद नाही. पण चहातलं टॅनिन आम्ल असतं, ते कापडाला चांगलं नाही, आणि मुख्य म्हणजे १८६३ मध्ये खाटेवर पडलेल्या पोराच्या अंगावर आलेली क्विल्ट नवी होती, तिचा लाल लाल होता. जुनी झालेली क्विल्ट करायचीय की त्या दिवशी पेटाऱ्यातून निघाली तशी, हे एकदा ठरवा म्हटलं. मत घेतलं, चहा हरला, आजी दोन मीटिंगा रागावून आल्या नाहीत.

आणि लाल-पांढरा-निळा? लायब्ररीच्या पोस्टरला तो हवा होता. झेंड्याच्या रंगाच्या क्विल्ट त्या काळात होत्याच, नाही असं नाही, पण मंडळातल्या बायका घरात जे उरलंय ते आणायच्या, शर्टाचं कापड, झग्याचे तुकडे, पडद्याचं उरलेलं. कारण नवं कापड परवडत नव्हतं. युद्धाआधी कच्चा कापूस पाउंडाला दहा-अकरा सेंट होता, १८६४ मध्ये तो डॉलरच्या वर गेला. आमच्या जवळच्या लोवेल शहरात (आता तिथे न्यू इंग्लंड क्विल्ट म्युझियम आहे) गिरणीमालकांनी साठ्यातला कापूस चढ्या भावाने विकून गिरण्याच बंद ठेवल्या आणि हजारो कामगार पोरी घरी बसल्या. हाच तो काळ, ज्यात इकडचा कापूस बंद झाल्यामुळे वऱ्हाड-खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आला, मुंबईत पैशाचा पूर लोटला, शेअरचा जुगार झाला आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच सगळं कोसळलं. शाळेत आपण मुंबईची बाजू वाचतो, दुसरी बाजू अशी एखाद्या ठिगळात सापडते.

यावर अजून एक गोष्ट बोलली गेली जी मला महत्त्वाची वाटते. ग्रुपमधली एक आफ्रिकन-अमेरिकन मैत्रीण म्हणाली की या युनियनच्या क्विल्टमधला कापूस आला कुठून? युद्धाआधी विणलेलं कापड, म्हणजे दक्षिणेत गुलामांनी वेचलेला कापूस, लोवेलला विणला, बॉस्टनला विकला आणि मग गुलामगिरीविरुद्ध लढणाऱ्या सैन्यासाठी शिवला. प्रदर्शनाच्या पाटीवर हे एक वाक्य असलंच पाहिजे असा तिचा आग्रह होता. कमिटीतल्या एकाला ते विषयाबाहेरचं वाटलं. मला तर ते सगळ्यात विषयातलं वाटलं. वाक्य राहिलं.

शाई आणि शिक्का

लिहायचे ब्लॉक सहा ठेवले. त्या काळची शाई लोखंडाची, ती पण कापड खाते, म्हणून जुन्या क्विल्टवर कधी कधी अक्षरांच्या जागी अक्षरांच्या आकाराची भोकं असतात. आम्ही कापडावर टिकणारं, आम्ल नसलेलं पिगमेंटचं पेन घेतलं, तपकिरी. पण लिहायचं काय? जुनी वचनं उतरवायची असं आधी ठरलं होतं. नर्सबाई परत आडव्या आल्या. पुलनबाईंच्या मुलींनी समोर नसलेल्या पण जिवंत माणसाला उद्देशून लिहिलं होतं, तेच शब्द आपण परत लिहिले तर ते कुणाला उद्देशून? मग प्रत्येकीने स्वतःच्या मनातलं लिहिलं. एकीने कोडं घातलं, एकीने चिकन सूपची कृती, मी देवनागरीत दोन ओळी, लवकर बरे व्हा अशा अर्थाच्या, त्याचं सगळ्यांना फार कौतुक, आम्ही काय वाचतोय ते तरी सांग म्हणून मागे लागल्या.

सॅनिटरी कमिशनचा शिक्का मात्र मारला नाही. अस्सल मालावर कमिशनचा शाईचा शिक्का असायचा आणि एखादी क्विल्ट खरी आहे का हे ठरवताना तज्ज्ञ तो शिक्का बघतात. एकाने रबर स्टँप बनवून आणायची तयारी दाखवली, पण सिव्हिल वॉरच्या वस्तूंचा बाजार मोठा आहे, पन्नास वर्षांनी कुणीतरी आमची क्विल्ट पोटमाळ्यावरून काढून अस्सल म्हणून विकायला नको. उलट मागच्या बाजूला एका ब्लॉकच्या अस्तरावर आम्ही चालू वर्ष आणि ही प्रतिकृती आहे असं मोठ्या अक्षरात लिहिलं, लेबल नंतर लावलं तर उसवता येतं म्हणून थेट अस्तरावर आणि क्विल्टिंग करायच्या आधी, म्हणजे टाके त्या अक्षरांवरून गेलेत.

जोडणी, आणि मग कुठे ठेवायची

ब्लॉक गोळा झाले तेव्हा अर्थातच एकही दुसऱ्यासारखा नव्हता. कुणाचा पाव इंचाने कमी, कुणाचा तेवढाच जास्त. नेहमीच्या क्विल्टमध्ये एवढ्या फरकाने रडायची वेळ येते. इथे दोन ब्लॉक पाठीला पाठ धरायचे, दोन्ही टोकं आधी पक्की करायची, मग मधला फरक टाक्याटाक्यात जिरवत जायचं. क्विल्ट सपाट पडते, फक्त चौकात कोपरे जरा मागेपुढे दिसतात. म्युझियमच्या फोटोंत पण ते तसे दिसतात.

खरा तिढा प्रदर्शनानंतर आला. लायब्ररीला ती इतकी आवडली की काचेच्या कपाटात कायमची ठेवू म्हणाले. ग्रुपमधल्या अर्ध्या बायका खूश. नर्सबाईंचं म्हणणं आधीपासून एकच होतं, ही पांघरायची वस्तू आहे. अमेरिकेत हल्ली सैनिकांना क्विल्ट देणारे बरेच उपक्रम आहेत, कॅलिफोर्नियात तर इराक-अफगाणिस्तानात मारल्या गेलेल्या सैनिकांच्या घरच्यांना याच जुन्या पद्धतीच्या क्विल्ट देण्याचं काम झालंय, त्यामुळे कल्पना नवी नव्हती. प्रॅक्टिकल अडचण वेगळीच होती. दवाखान्याला दिली तर ती मोठ्या लाँड्रीत, कढत पाण्यात जाणार आणि हाताची जोडशिवण दोन धुण्यांत उसवणार. म्हणून संस्थेला द्यायची नाही, माणसाला द्यायची, त्याची स्वतःची म्हणून, बरोबर धुण्याची चिठ्ठी: थंड पाणी, साधा साबण, पसरून वाळवणे, कुठला ब्लॉक फाटला तर तेवढाच उसवून नवा लावता येतो. हा शेवटचा फायदा पॉटहोल्डरचा, आणि आमच्यातल्या कित्येकींना तो तेव्हा पहिल्यांदा सुचला.

मतदान घासून झालं पण द्यायचं ठरलं. लायब्ररीत आता फोटो आणि एक सुटा नमुना ब्लॉक आहे, लोकांना हात लावून बघता येतो, आणि पोरं आधी तोच उचलतात. क्विल्ट व्हिएतनाम युद्धातल्या एका म्हाताऱ्या माजी सैनिकाकडे गेली. चिकन सूपच्या कृतीत मिरपूड फार कमी आहे असा त्यांचा निरोप आला.

दुसरी क्विल्ट सुरू केलीय. यावेळी नर्सबाईंच्या मनासारखी, गाठी मारलेली कम्फर्ट, जुन्या शर्टांची, एकही अक्षर न लिहिता. चहावाल्या आजी परत आल्यात, आणि निदान अस्तर तरी बुडवू द्या म्हणून मागे लागल्यात.